मानसीचा पिवळा ठिपका

सत्तावीसच्या सत्तावीस मुलं हिरवी झाली, त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

बुधवारची सकाळ होती. आमचं ऑफिस खोपटला, एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडी असली की मीटिंग चालू असताना कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली तेही कळतं. त्या दिवशी खिडकी बंद होती आणि आमचा बॉस केतन मोठ्या स्क्रीनसमोर नाचायचाच काय तो बाकी होता.

"ताई, बघा बघा! फुल ग्रीन! शीळफाट्याची तिसरी. एक पण पोरगं रेड नाही, यलो नाही. काय जादू केलीत?"

मी काहीच केलं नव्हतं. तीच तर अडचण होती.

"पुढच्या गुरुवारी देसाई मॅडम येतायत," केतन म्हणाला. "त्यांना हीच शाळा दाखवायची. फायनल."

ज्या कंपनीच्या मदतीवर आमचा प्रोजेक्ट चालतो, तिथल्या देसाई मॅडम अधिकारी. पुढच्या वर्षी आमचे टॅब शाळांत राहणार की खोक्यांत भरून परत येणार, हे त्या ठरवणार होत्या. केतन तरुण आहे, हुशार आहे, मनाने चांगला आहे. फक्त हिरवा रंग दिसला की त्याला पुढचं काही दिसत नाही.

आता थोडं माझ्याबद्दल. मी शिक्षिका नाही, हे आधीच सांगून टाकते. डोंबिवलीत कोपरला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास होता. लोकांची बोटं कीबोर्डवर बसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. क्लास बंद पडला तेव्हा इथे केतनच्या हाताखाली फील्ड सपोर्टला लागले. फील्ड सपोर्ट म्हणजे शाळेतला टॅब बंद पडला की जिला फोन जातो ती बाई. आमच्याकडे पालिकेच्या बारा शाळा आहेत. तिसरी-चौथीच्या मुलांना नीट वाचता यावं म्हणून आम्ही त्यांना टॅब आणि त्यात एक ॲप देतो.

ॲप साधं आहे. स्क्रीनवर गोष्ट येते. मूल मोठ्याने वाचतं, टॅब ऐकतो. शब्द बरोबर आला की तो रंगतो, चुकला की 'टुंग' असा आवाज होतो. शेवटी टॅब वेग काढतो, म्हणजे मिनिटाला किती शब्द वाचले ते. मुलाने ओळ पुन्हा म्हटली तर तो वेळ धरत नाही, कारण मुलं ओळ पुन्हा म्हणतातच. गप्प बसलं की मात्र घड्याळ चालू. या सगळ्यावरून मुलाच्या नावापुढे एक ठिपका उमटतो. लाल म्हणजे अडखळतंय, पिवळा म्हणजे जमतंय पण हळू, हिरवा म्हणजे छान. अख्ख्या वर्गाचे ठिपके एका तक्त्यात दिसतात, त्याला डॅशबोर्ड म्हणायचं. बॉस लोक शाळेत जात नाहीत, डॅशबोर्डवर जातात.

तर त्या डॅशबोर्डवर सत्तावीस मुलांचा वेग जवळजवळ सारखा होता. माझ्या क्लासमध्ये टायपिंगच्या परीक्षेत दोघांचा वेग सारखा आला की मी आधी त्यांच्या खुर्च्या कुठे होत्या ते बघायचे. इथे तर सत्तावीस खुर्च्या. शिवाय यादीत मानसी होती. जुलैत सगळ्यांत तळाला असलेली, एकही ओळ पूर्ण न करू शकलेली मानसी. तीही हिरवी.

मुलांचे आवाज ऐकले असते तर लगेच उलगडा झाला असता. पण आवाजाच्या फायली मोठ्या असतात आणि शाळेतलं नेट अशक्त. त्यामुळे ऑफिसात फक्त ठिपके आणि आकडे येतात, आवाज टॅबमध्येच राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली.

शाळा शीळफाट्याच्या अलीकडे, एका आगरी गावाच्या वेशीवर आहे. एका बाजूला गावदेवीचं देऊळ, दुसऱ्या बाजूला अर्धवट उभा राहिलेला टॉवर. ट्रकच्या रांगेतून सुटून मी गेटपाशी पोहोचले आणि स्कूटर बंद केली, तोच वरच्या मजल्यावरून आवाज आला. आधी एका मुलीचा, खणखणीत. "डोंगराच्या पलीकडे एक तळं होतं." आणि तिच्या मागोमाग अख्खा वर्ग, एका सुरात, "डोंगराच्या पलीकडे एक तळं होतं!"

पायऱ्या चढता चढताच मला सगळं कळलं.

वर्गात मुलं गोल करून बसली होती. मध्ये आठ टॅब. प्रत्येक टॅबवर एकेका मुलाचं नाव उघडलेलं. सिद्धी नावाची मुलगी ओळ म्हणायची आणि मागून सगळे म्हणायचे. आठही टॅब इमानेइतबारे ऐकत होते आणि शब्द रंगवत होते. यंत्राला काय, ओळ कानावर आली की झालं. ती कुणाच्या तोंडून आली, हे विचारायची त्याला पद्धत नाही.

भोईर बाई खुर्चीत बसून कौतुकाने ऐकत होत्या. बाई पन्नाशीच्या, शेजारच्याच गावच्या. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आयांना त्यांनीच शिकवलेलं.

"बाई, हे सगळे मिळून वाचतायत," मी म्हणाले.

"मग? गोड नाही वाचत?"

"गोड वाचतायत. पण ज्याचं नाव त्याने एकट्याने वाचायचं असतं ना. आत्ता समीरच्या नावावर अख्खा वर्ग वाचतोय."

"हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि मानसीच्या नावावर पण."

म्हणजे बाईंना सगळं माहीत होतं. माझा पारा चढला. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "मधल्या सुट्टीत बोलू. पोरांसमोर नको."

मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडून तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी माझ्यापुढे सरकवली. भांडायला आलेल्या माणसाला आधी जेवायला घालायचं, म्हणजे भांडण निम्मं होतं. बाईंना हे चांगलं ठाऊक असावं.

"जुलैतला तुमचा डेमो आठवतो?" त्यांनी विचारलं.

डेमो म्हणजे ॲप कसं चालतं ते वर्गाला दाखवणं. मी पहिल्या बाकावरच्या मुलीला पुढे बोलावलं होतं. ती मानसी होती.

"तिने पहिली ओळ वाचायला घेतली. तीनदा टुंग झालं. पोरं हसली. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

मला आठवेना.

"तुम्ही म्हणालात, 'घाबरू नकोस गं, मशीन रागवत नाही, फक्त हसतं.' मग पोरं आणखी हसली. तुम्ही पण हसलात."

आता आठवलं. तो विनोद मी बाराही शाळांत केला होता. चांगला जमतो, असं माझं मत होतं.

"मानसी चार दिवस शाळेत आली नाही," बाई म्हणाल्या. "मी घरी गेले. आई बिचारी सांगत होती, पोरगी बोलते, शाळेतला यंत्र मना हसतं. हात धरून आणली तिला. त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या वर्गात कुणी एकटं वाचणार नाही."

 मला स्वतःचाच राग आला. ज्या मुलीला वाचता यावं म्हणून मी बारा शाळा हिंडते, तिलाच मी शाळेतून पळवून लावलं होतं.

"आमच्याकडे भजनात बघा," बाई पुढे म्हणाल्या. "बुवा ओळ म्हणतो, मागचे झील धरतात, तीच ओळ उचलून म्हणतात. मागच्यांत एखादा कच्चा असला तरी त्याला कुणी हसत नाही. धरता धरता तो पण सुरात येतो. आमची सगळी गावं अशीच शिकली. तुमच्या यंत्राला ते चालत नसेल तर यंत्राचं यंत्र बघेल. माझी पोर शाळेत येते, मला बास."

"आणि ती एकटी वाचू शकते का?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "ते मी विचारलं नाही तिला," त्या म्हणाल्या. "भीती वाटते."

सुट्टीनंतर आम्ही मानसीला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. मी टॅब पुढे केला. तिने तो घेतला, स्क्रीनकडे पाहिलं आणि ओठ गच्च मिटून घेतले. मी पुस्तक दिलं, तरी तेच.

"मना नाय येत एकटीला," ती म्हणाली.

बाईंनी सिद्धीला बोलावून तिच्या शेजारी बसवलं आणि कुणीच न वाचलेली एक गोष्ट उघडून दिली. सिद्धी वाचायला लागली. मानसी अर्ध्या आवाजात तिच्या मागून. मी मानसीच्या बोटाकडे बघत होते. बोट बरोबर त्या त्या शब्दाखाली सरकत होतं. पाचव्या ओळीत 'क्षितिज' आला आणि हुशार सिद्धी अडली. "क्षि... क्षिती..."

"क्षितिज," मानसी हळूच म्हणाली. बोट त्याच शब्दाखाली होतं.

मी आणि बाईंनी एकमेकींकडे पाहिलं. पोरीला वाचता येत होतं. फक्त पुढे कुणी नसलं की तिचा आवाज निघत नव्हता.

मग मी केतनला फोन लावला.

"केतन, तो डॅशबोर्ड खोटा आहे."

"म्हणजे? बग आहे?"

"बग नाही. वर्ग आहे. सगळे मिळून वाचतात."

 मागे डेपोतली अनाउन्समेंट ऐकू येत होती. "ताई," तो म्हणाला, "पुढच्या गुरुवारपर्यंत असंच राहू दे ना. मॅडम आल्या, बघून गेल्या, की नंतर आपण आरामात बघू."

"आणि त्यांनी एकाला उभं करून वाच म्हटलं तर?"

"कशाला म्हणतील?"

"शाळेत आल्यावर लोक हेच म्हणतात, केतन. मी रिसेट करतेय."

"थांबा! ताई, मी मॅडमना ऑलरेडी फोटो..."

"केलं रिसेट."

खरं तर अजून केलं नव्हतं. फोन ठेवल्यावर केलं. जुने मार्क गेले आणि सत्तावीस हिरवे ठिपके राखाडी झाले.

आता हातात पुढच्या गुरुवारपर्यंतचा वेळ होता. पहिलं काम, ते टुंग बंद करणं. तशी सोय ॲपमध्ये होती. सेटिंग, त्यात साउंड, त्यात ॲडव्हान्स्ड, त्यात सगळ्यांत खाली एक बारीक बटण. जुलैत मला ते माहीतच नव्हतं. पोरं दचकतील असा आवाज आम्ही दारात ठेवतो आणि तो बंद करायचं बटण माळ्यावर.

त्या बटणाच्या शेजारीच मला दुसरी एक सोय दिसली. नाव 'शिक्षकाचा आवाज'. बाईंनी गोष्ट आपल्या आवाजात भरून ठेवायची, मुलाने हेडफोन लावून ती ऐकत ऐकत वाचायचं. हेडफोनमधला आवाज टॅबच्या माइकला ऐकू जात नाही, त्याला फक्त मूल ऐकू येतं. बाराही शाळांत ही सोय कुणी एकदाही वापरली नव्हती. कारण ती कुणाला सांगायला हवी होती आणि सांगायचं काम माझं होतं.

"बाई," मी म्हणाले, "यात तुमच्याऐवजी वर्गाचा आवाज भरला तर? सिद्धी पुढे, बाकी सगळे मागे. मानसी हेडफोनमध्ये वर्ग ऐकेल आणि वाचेल एकटी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "एवढं चांगलं तुमच्या यंत्रात होतं आणि तुम्ही मला टुंग दाखवलंत?"

 मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

शुक्रवारपासून मानसीची शाळा खिचडीच्या तांदळाच्या खोलीत भरायला लागली, कारण अख्ख्या शाळेत तेवढीच जागा शांत होती. गोणीवर बसायचं, हेडफोन लावायचे, बटण दाबायचं. कानात सिद्धी ओळ म्हणायची तोवर मानसी थांबायची, मग वर्गाबरोबर म्हणायची. बाहेर ऐकू यायचा फक्त तिचा एकटीचा बारीक आवाज. पहिल्या दिवशी तो दारापर्यंतही आला नाही. सोमवारी खिचडी शिजवणाऱ्या शकूमावशी मला म्हणाल्या, "मॅडम, माझ्या गोणींना पण आता गोष्टी पाठ झाल्या."

रोज बाई हेडफोनचा आवाज एक घर कमी करायच्या. मानसीला न सांगता. मानसीच्या ते लक्षात आलं होतं की नाही, देव जाणे. तिचा ठिपका मात्र लालच यायचा. सिद्धीची ओळ ऐकायला ती थांबते आणि ॲप ती शांतता मोजतं, त्यात वर्गाबरोबरचं म्हणणं संथ, म्हणून. मी ठिपक्याकडे बघायचं सोडून दिलं.

बाकीची मुलं एकेकटी वाचायला लागली होती. टुंग नसल्याने कुणी दचकत नव्हतं आणि दुसरा वाचताना हसायचं नाही, हा बाईंचा नियम होता. झील धरून धरून पोरं खरंच बरीच सुधारली होती, हे मला कबूल करावंच लागलं. डॅशबोर्डवर थोडे हिरवे, बरेच पिवळे आणि मोजके लाल असा बाजार भरला. केतन रोज फोन करायचा, "ताई, आज किती ग्रीन?" भाजीचा भाव विचारावा तसा. भाव काही केल्या वाढत नव्हता.

गुरुवार उजाडला. सकाळीच केतन म्हणाला, "ताई, लेटेस्ट व्हर्जन टाका. मॅडमना नवीन गोष्टी दाखवू." पाहुणे येणार त्या सकाळी अपडेट टाकायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो मोडला की हमखास काहीतरी होतं. तरी मी टाकलं. आठवडाभर त्याला नाराज केलं होतं, आता आणखी कुठे वाद घालायचा?

देसाई मॅडम अगदी साध्या निघाल्या. सुती पंजाबी ड्रेस, पायात सपाट चपला. आल्या आणि सरळ मुलांबरोबर सतरंजीवर बसल्या. केतन त्यांच्या मागे लॅपटॉप घेऊन उभाच. त्याला वाटत होतं, त्या स्क्रीन बघतील. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोण वाचून दाखवेल?"

सव्वीस हात वर. सिद्धी तर अर्धी उभीच राहिली. मानसीचा हात खाली होता. पण तिच्या गळ्यात हेडफोन होते आणि मॅडमची नजर नेमकी तिथे गेली.

"तू काय ऐकतेस गं यात?"

"वर्ग," मानसी म्हणाली.

"वर्ग तर इथे बसलाय."

"कानान पन हाय."

मॅडम हसल्या. "मग वाच बरं मला." त्यांनी तिच्या मांडीवरचा टॅब घेतला, बोटाने वरखाली केला आणि एक गोष्ट उघडून परत दिली. 'खेकड्याचं घर'. आज सकाळी मीच टाकलेली. वर्गात कुणी वाचलेली नाही, पाहिलेली नाही. तिच्यात वर्गाचा आवाज असणं शक्यच नव्हतं.

मानसीने हेडफोन कानांवर चढवले आणि बटण दाबलं.

 मी पुढे झाले, काहीतरी बहाणा करून टॅब घ्यावा म्हणून. भोईर बाईंनी माझं मनगट धरलं. "थांबा," त्या पुटपुटल्या. 

मानसी थांबली होती. कानात सिद्धी यायची होती आणि येत नव्हती. तिने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा वर्गाकडे. व्हरांड्यात मिटले होते तसे ओठ मिटले. मी मनातल्या मनात तिची माफी मागून मोकळी झाले.

आणि मग ती वाचायला लागली.

"खाडीच्या कडेला चिखल होता."

आवाज बारीक होता, पण स्पष्ट. ओळ संपली. ती थांबली. मला वाटलं, झालं. पण तिने पुढची ओळ घेतली. पुन्हा थांबली. पुन्हा पुढची. प्रत्येक ओळीनंतर ती चांगली थांबत होती. मुलांची चुळबुळ सुरू झाली. सवयीने त्यांचे ओठ हलायला लागले होते. बाईंनी तळहात वर केला, तशी सगळी गप्प झाली.

सहाव्या ओळीत 'भुसभुशीत' आला. ती अडली. "भुस..." सव्वीस मुलं बघत होती. कुणी हसलं नाही, कुणी सांगितलं नाही. "भुस... भुशीत. भुसभुशीत मातीत त्याने बीळ केलं."

शेवटची ओळ वाचून झाली. तरी ती तशीच बसून राहिली, गोष्ट संपलेली असताना. मग तिने बटण दाबलं. टॅबने थोडा विचार केला आणि तिच्या नावापुढे ठिपका उमटला. पिवळा.

केतनच्या लॅपटॉपवरही उमटला असणार. "यलो," तो हळूच म्हणाला, वार्षिक परीक्षेत नापास झाल्यासारखा.

भोईर बाई मात्र डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. मीही त्याच रांगेत होते, फक्त माझ्याकडे पदर नव्हता.

नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेताना मॅडम म्हणाल्या, "मागच्या बुधवारी केतननी मला सगळ्या हिरव्या ठिपक्यांचा फोटो पाठवला. तेव्हाच मी ठरवलं होतं, हे काम बंद करायचं. सगळी मुलं सारखी छान वाचतात, असा वर्ग मी अजून पाहिलेला नाही. पण शुक्रवारी त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की तो तक्ता चुकीचा होता आणि का चुकला. म्हणून म्हटलं, जाऊन तर बघू."

मी केतनकडे पाहिलं. तो बशीतल्या बिस्किटाकडे बघत होता.

"तुम्ही रिसेट केलंच होतं, ताई," तो नंतर मला म्हणाला. "आता काय लपवणार? आणि आदल्या दिवशी तुम्ही माझं न ऐकताच फोन ठेवलात." त्या दिवशी मी त्याला मनापासून शाबासकी दिली.

टॅब शाळांत राहिले. वर्गाचा आवाज भरायची सोय आता बाराही शाळांत वापरतात. केतनने तिला 'ग्रुप सपोर्ट फीचर' असं भारदस्त नाव दिलं होतं. भोईर बाईंनी ते ऐकून फक्त "बरं" म्हटलं आणि सगळ्या शाळांतल्या बाईंना फोन करून 'झील' हा शब्द सांगितला. नव्या व्हर्जनमध्ये बटणावर 'झील' लिहिलंय.

पण त्या गुरुवारी मला एक गोष्ट छळत होती. पाहुणे गेल्यावर मी मानसीचा टॅब घेऊन व्हरांड्यात बसले आणि सकाळचं वाचन ऐकलं. शब्द एकच अडला होता, बाकी वाचन झकास. मग पिवळा का? कारण त्या शांतता. प्रत्येक ओळीनंतर एक. मी नीट ऐकलं. लहान ओळीनंतर लहान, लांब ओळीनंतर लांब. शेवटच्या ओळीनंतरही तेवढीच. अडखळणाऱ्याची शांतता अशी मापात नसते.

मानसी पायरीवर चपला घालत होती. मी तिला हाक मारली.

"आज कानात आवाज येत नव्हता ना गं?"

"नाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. काय हा प्रश्न, अशा चेहऱ्याने.

"कानान कोन नवता," ती म्हणाली. "मंग मीच फुडं ना?"

"बरं. आणि प्रत्येक ओळीनंतर थांबत का होतीस?"

"मी फुडं व्हती," तिने मला समजावून सांगितलं. "मागच्यांनी कदी बोलायचा?"

आणि रिबीन सावरत ती गेटमधून पळाली. सिद्धी बाहेर तिची वाट बघत होती.

मी तिथेच बसून राहिले. ती वाचत होती आणि तिच्या मागे सव्वीस जण झील धरणार, म्हणून प्रत्येक ओळीला त्यांच्यापुरती जागा ठेवत होती. बाईंचा हात वर होता म्हणून कुणी बोललं नाही, एवढंच. आमच्या ॲपने ती सगळी जागा तिच्या नावावर उशीर म्हणून मांडली. त्या शांतता कापून पुन्हा मोजलं असतं तर ठिपका हिरवा झाला असता. मला दोन मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही. मानसीचा तो पिवळा ठिपका अजून तसाच आहे आणि त्याला हात लावायचा नाही, असं मी केतनला बजावून ठेवलंय.

आता नव्या शाळेत टॅब दिले की मी आधी ते टुंग बंद करते, मग बाकीचं बोलते. तो विनोदही सोडला. आणि कुठल्या वर्गाचा डॅशबोर्ड सगळाच्या सगळा हिरवा दिसला की केतन फोटो काढायच्या आत मी स्कूटरची चावी शोधते.